घासून गेलेली नावे

कोयंडेसरांशी माझी ओळख झाली ती एका पेपरवेटमुळे. माझे वडील जहाजावर नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या टेबलावरचा, सिंह कोरलेला दगड घेऊन मी मुलुंडला सरांकडे गेले. तो विकायचा होता. सरांनी तो उलटा केला, तळाला तांबडी शाई लावून कागदावर दाबला आणि म्हणाले, "हा कुणा चिनी पंडिताचा शिक्का आहे. हे त्याचं नाव. विकू नका, वडिलांची आठवण आहे." त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

बँकेतली नोकरी सांभाळून सरांनी असे शिक्के जमवले आणि त्यांवरची जुनी चिनी लिपी स्वतःच्या स्वतः शिकून घेतली.

आपल्या संग्राहक मंडळाने घाटकोपरला प्रदर्शन भरवले, तेव्हा सरांनी आपले सर्वांत जुने शिक्के विश्वासाने मंडळाच्या हवाली केले. ते चकचकीत दिसावेत म्हणून कार्यकारिणीने सरांना न विचारता पॉलिशला दिले. दगड मऊ. तळाची वाळलेली शाई घासताना कोरलेली अक्षरेही गेली.

उद्घाटनाला ठसा दाखवायचा म्हणून सरांनी शिक्का दाबला. उमटला नुसता तांबडा चौकोन. त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. तेच.

"अहो कोयंडे, वरचा सिंह शाबूत आहे ना?" आपले अध्यक्ष म्हणाले. "खालचं कोण बघतंय?"

काहीजण हसले. सरांनी रुमालाने बोटे पुसली, सगळे शिक्के पिशवीत भरले आणि ते घरी गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, मला नंतर सांगितले.

पुढच्या सभेत सरांनी एकच मागितले. "भरपाई नको. मंडळाची चूक झाली, एवढं म्हणा." कुणी म्हटले नाही. चहा आला, विषय बदलला. सर हट्टी आहेत, असे मात्र ठरले. त्यांनी सभांना येणे सोडले.

तरीही त्या हसणाऱ्यांपैकी कुणी घरी शिक्का घेऊन आले, की सर भिंग काढून तो वाचून देतात. ते माझ्याने झाले नसते.

मंडळ काढत असलेल्या सरांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक म्हणाले, "मंगल प्रसंग आहे, जरा गोड लिहा." मी सरांना विचारले, सत्काराला याल ना? "येईन," ते म्हणाले. "शाल नसली तरी चालेल. ते वाक्य ऐकायचंय."

सर, पंचाहत्तरी झाली. प्रकृती जपा आणि खूप जगा. मंडळाचा वेग पाहता, ते वाक्य ऐकायला तुम्हांला शंभरी गाठावी लागेल.