टोकं दाराकडे

अक्का गेल्याचा तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी अक्कालाच भेटायला निघालो होतो. एक बूट पायात, एक हातात... तो तसाच चढवून तिच्या घरी निघालो.

अक्का माझी थोरली बहीण. काळाचौकीच्या चाळीत, गिरणीकामगाराच्या घरात वाढलेली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत कुलाब्याच्या प्रयोगशाळेत दुर्मिळ समस्थानिकांवर काम करणारी. यंत्रातून वेगानं कण मारून नवा अणू घडवायचा आणि तो मिनिटा-दोन मिनिटांत विरून जायच्या आत मोजायचा. मोजायचं यंत्र लांबच्या खोलीत, म्हणून नमुना घेऊन अक्का धावायची. त्यासाठी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट! चाळीतली पोरं विचारायची, "काय अक्का, आज कवायत काय?" घरीही ती ते टोकं दाराकडे करून ठेवायची, पाय घातला की सुटता यावं म्हणून. आई वैतागायची, "घरात रवाक नको काय गो तुका?"

मी तेव्हा कॉलेजातला, डोक्यात राख घालून फिरणारा. हरताळाच्या दिवशी लालबागला मोर्च्यात डोक्यावर लाठी बसली. परळच्या इस्पितळात डोळे उघडले तर पायाशी अक्का, घामानं भिजलेली, बूट काळेकुट्ट. बस बंद होत्या, ती कुलाब्याहून पायी आली होती.

"तुझं काम?" मी विचारलं.

"हरताळ ना रे आज. मशीन बंदच होतं."

मी जन्मभर ते खरं मानलं. ती गेल्यावर, परवा तिच्या घरी तिचे जुने सहकारी देसाई भेटायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मशीन चालू होतं हो. कित्येक महिन्यांच्या धडपडीनंतर हवा तो अणू त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. आम्ही दोघंच आलो होतो. मी मशीनवर, नमुना तिच्या हातात, आणि तुम्हाला लागल्याचा निरोप आला. मी म्हटलं, शालू, दोन मिनिटं थांब, मोजून जा. तर तिनं नमुना किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटांआड तसाच ठेवला. म्हणाली, हा पुन्हा घडवता येईल."

पुन्हा मशीन तसं चालेपर्यंत परदेशात कुणीतरी तोच अणू मोजून मोकळं झालं होतं. अक्का याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. मी देसाईंसमोरच हमसून रडलो.

निघताना पाहिलं, झाडलोट करताना कुणीतरी तिचे रोजचे कॅनव्हासचे बूट भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. मी खाली वाकलो आणि ते पुन्हा दाराकडे वळवले.