उंदरांना मिळालेलं औषध

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं औषधाचं दुकान आहे. दर सोमवारी हिवरखेडहून एसटीनं एक म्हातारा यायचा. आल्या आल्या कोपऱ्यातला पाण्याचा भरलेला कॅन छातीपर्यंत उचलून पाहायचा आणि मग विचारायचा, "आलं काय जी ते औषध?"

आपल्या अंगात मायोस्टॅटिन नावाचं काहीतरी असतं, ते स्नायूंना जास्त वाढू देत नाही. त्यालाच अडवणारं औषध याला हवं होतं. उंदरांचे स्नायू त्या औषधानं वाढले, अशी बातमी त्यानं कापून तंबाखूच्या पिशवीत जपली होती.

"काका, टेस्टिंग चालू आहे अजून. विकाले नाई ते," मी शंभरदा सांगितलं असेल.

"उंदराले भेटते, मले काहून नाई?"

माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाईक खोळंबलेलं, फरशीवर पाणी सांडलेलं, आणि हा सत्तरीत पैलवान व्हायला निघालेला!

गेल्या सोमवारी कॅन गुडघ्यापर्यंतच आला. त्यानं तो खाली ठेवला. मी खेकसलोच, "या वयात बॉडी बनवून कोनाले दाखवाची हाये, काका?"

तो चिडला नाही. धोतराला तळवे पुसत म्हणाला, "बॉडी नाई जी. बायकोचे पाय गेले. रोज संध्याकाळी तिले उचलून ओसरीत बसोतो, तिथून रस्ता दिसते तिले. आता चार दिवसांपासून म्हणते, मले घरातच बरं वाटते."

मग कॅनकडे पाहत म्हणाला, "खोटं बोलून राहिली."