उशीवरची पांढरी चिंधी

या ग्रुपवरचे भुताचे किस्से मी जेवताना तोंडी लावायला वाचते. विश्वास वगैरे? छे! चिंचेखालून भर अंधारात शिट्टी वाजवत जाणारी बाई आहे मी. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला...

आम्ही सोलापूरचे, विडी घरकुलातले. घरात तेलुगू, दारात मराठी. नान्ना — म्हणजे माझे वडील — चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर. करोनातून उठले, शुगर वाढलेली, तरी कामावर जायला लागले. मग गाल बधिर झाला, डोळा सुजला, नाकातून काळं येऊ लागलं. दुसऱ्या घरात गोंधळ उडाला असता. आमच्याकडे कुणाला काहीच वाटलं नाही. रंगाऱ्याच्या नाकातून काळं येणारच! त्यांचे रंगीत रुमाल धुण्यातच आमचा जन्म गेला.

"दवाखान्यात जाऊ या का?" मी विचारलं.

"काय न्हाय गं, रंगाची पूड हाय. डोळा उद्या उतरंल की."

दुपार होती. शेजारी माग खटखटत होता, पडद्यातून पिवळं ऊन हलत होतं. त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या माझी मान कलली... आणि लक्ष्मक्का आत आल्या. पूर्वी नान्नांबरोबर रंगखात्यात होत्या, आता लेकीकडे अकलूजला असतात. अचानक इकडे कशा, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं, तापात कुणी कपाळावर हात ठेवल्यासारखं. त्यांनी पांढरी चिंधी भिजवली आणि नान्नांच्या नाकाची काळी खपली हलकेच घासली. रंगखात्यात असंच बघतात — सुटा रंग ओल्या चिंधीवर लगेच उतरतो.

चिंधी पांढरीच राहिली.

"इदि रंगु कादु," त्या म्हणाल्या. हा रंग नाही.

दचकून उठले. खोलीत आम्ही दोघंच... उशीवर एक ओली पांढरी चिंधी.

रिक्षात नान्ना मला शिव्या देत होते, मी त्यांना. डॉक्टरीणबाईंनी तोंडात, टाळूवर टॉर्च मारला आणि त्यांचा चेहराच उतरला. काळी बुरशी. "ही रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते. रक्त न मिळालेला भाग मरतो, तोच हा काळा. नाकातून डोळ्यात जाते, तिथून मेंदूत." उद्यावर टाकलं असतं तर डोळा गेला असता, म्हणाल्या. आणि डोळ्याशिवाय रंगमास्तर कसला? टाळूचा तुकडा गेला, वरचे दात गेले. इंजेक्शनांनी किडनीही दमली. पण डोळा राहिला. जिन्यात बसून मी पोटभर रडले.

मग लक्ष्मक्कांना फोन केला.

"मी कुटं आले गं? हितंच हाय की, अकलूजला." मग म्हणाल्या, "पर त्या दुपारी डोळा लागला तवा सपनात तुमच्या घरी होते. तू बसल्या जागीच झोपली होतीस. उठवावंसं वाटलं न्हाय."

तुम्ही म्हणाल, मनातून मीच ओळखलं होतं, बाकी योगायोग. असेलही. पण आमच्या घरात फरशी पुसायचं फडकंसुद्धा जांभळं आहे हो! पांढरी चिंधी आली कुठून?

नान्ना घरी आल्यावर त्यांना दाखवली. त्यांनी ती खिडकीत धरली आणि त्याच डोळ्याने कितीतरी वेळ बघत राहिले.

"लई पांढरी हाय," ते नाकातून बोलले. "असलं पांढरं मला कधी जमलं न्हाय."