गवताचा रकाना

सरकारने कमी भाव दिला म्हणून भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जास्त भाव देऊ केला म्हणून भांडलेला माणूस साऱ्या रायपुरात एकच, बाबांचे रेल्वेतले दोस्त. आम्ही त्यांना काका म्हणतो. उभा जन्म पार्सल ऑफिसात गेल्यामुळे तोलल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही. समता कॉलनीतल्या त्यांच्या घरी दारामागे ताणकाटा टांगलेला आहे. त्यावर भाजी चढते, लग्नपत्रिका चढतात आणि मी चळवळीसाठी लिहिलेली पत्रकंही चढतात. "अर्धा किलो कागद," ते म्हणतात, "एवढ्यात एका माणसाचं तरी काम व्हाले पाहिजे."

निवृत्तीनंतर त्यांनी नवा रायपूरच्या पलीकडे एका गावात जमीन घेतली आणि तिला कधी नांगर लावला नाही. गावची गुरं राखणाऱ्या राऊताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्या गावाची गुरं बापजाद्यांपासून इथेच चरतात. "मंग चरू दे," एवढं बोलून काकांनी विषय मिटवला. स्वतःच्या घरी गाय नाही, चहासुद्धा कोरा. पण दर रविवारी स्कूटरवर जायचे, चपला काढून हातात घ्यायचे आणि त्या गवतातून तासभर हिंडायचे.

मग ती जमीन रस्त्यात गेली. मूल्यांकनाच्या कागदावर लिहून आलं, 'पडीक, वापर नाही.' मी पेटून उठलो, दोन पानी पत्रक लिहिलं. काकांनी त्यातली विशेषणं एकेक करून खोडली. दीड वाक्य उरलं. "भाव जाऊ दे," ते म्हणाले. "वापरच नाही म्हणते, म्हंजे राऊताचं काही गेलंच नाही. त्याचा अर्ज कोन घेईन?" गुरं राखणं हेच त्या माणसाचं पोट होतं, आणि 'वापर नाही' या दोन शब्दांत ते नाहीसं झालं होतं.

काकांनी हातभर चौरस जागेतलं गवत कापलं, तोललं, पेंढी बांधून तिला वजनाची चिठ्ठी लावली आणि आम्ही भूसंपादन कार्यालयात सुनावणीला गेलो. दारातला बाबू म्हणाला, "अंकल जी, इसकी फोटोकॉपी लगाओ. और इसको बाहर रखो." पेंढी स्कूटरवर ठेवून आम्ही आत गेलो. साहेब तरुण होता, माणूस भला होता. त्याच्या फॉर्ममध्ये झाडांना रकाना होता, विहिरीला होता, बांधकामाला होता, गवताला नव्हता. "धान लिख देता हूँ, रेट भी बढ़ जाएगा," तो म्हणाला. मी काकांना कोपराने ढोसलं. काका म्हणाले, "धान हमने कभी बोया नहीं, साहब. घास है, घास लिखो." "घास का कॉलम नहीं है, अंकल जी." "तो बनाओ."

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. "काका, काहून नाही म्हटलं? वरचा पैसा राऊताले देऊन टाकला असता!"

"मी देल्ला तं ते माही दया झाली," काका शांतपणे म्हणाले. "त्याचा हक्क कुठं गेला मंग? तूच लिहून राहिला ना असं, पानं भरभरून?"

मी स्कूटरकडे वळलो. तेवढ्यात पाहतो तो एक मोकाट गाय स्कूटरवरची पेंढी चिठ्ठीसकट खात होती. मी धावलो, काकांनी माझा दंड धरला. मग खिडकीकडे वळून ते ओरडले, "साहब, इधर देखो. उपयोग!" साहेब खिडकीशी आला, हसला. मग हसायचा थांबला आणि पेंढी संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

आदेश आला तेव्हा भाव पडीक जमिनीचाच होता. खाली समासात मात्र शाईने तीन शब्द लिहिलेले होते: 'चराई हेतु उपयोग.' त्या तीन शब्दांवर राऊताचा अर्ज दाखल झाला. निकाल अजून नाही. तारखा पडतात, फाइल घेऊन मी जातो.

जमिनीवर आता सहा पदरी रस्ता आहे. काकांचे डोळे अधू झालेत, स्कूटर सुटली. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो की ते आदेश काढायला लावतात. मी वरून वाचायला लागतो, खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, भाव.

"ते जाऊ दे. खालचं वाच."

मी वाचतो. काका खुर्चीखालच्या चपला पायाने बाजूला सारतात आणि तळवे गार फरशीवर टेकवतात.

"अजून एकदा वाच," म्हणतात.