देवीच्या नाकावरचं तांबं

लग्न होऊन मी धानोऱ्याला आले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती, पण गावात वीज नव्हती. आमचे हे तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे. घरातलं कुठलं भांडं कधी प्रयोगाला जाईल याचा नेम नसे, आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

तलावाच्या पाळीवर मासे धरणाऱ्या ढिवरांची देवी होती. देवी म्हणजे तळहाताएवढा पितळी मुखवटा. हंगामातलं पहिलं जाळं टाकण्याआधी तो पाण्यात बुडवून वर धरायचा आणि मग प्रत्येकाने देवीच्या नाकाला अंगठ्याने तेल लावायचं, अशी रीत. लावून लावून ते नाक पार झिजलं होतं. एका वर्षी मुखवटा वर काढला तर नाकातून पाणी गळायला लागलं. पंच म्हणाले, देवी खंडित झाली, पुढच्या हंगामाआधी तिला तलावात सोडून द्या.

मुखवटा सांभाळायची एक म्हातारी ढिवरीण. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. रोज देवीला अंघोळ घालायची, तिच्याशी बोलत बसायची. कथील वितळवून डाख लावला असता तर भोक बुजलं असतं, पण देवीला विस्तव दाखवायचा नाही असा दंडक. म्हातारी आमच्या अंगणात आली आणि ह्यांना म्हणाली, "मास्तरभाऊ, तिले इस्तव चालत नाई. अन् तिच्याबिगर मले कोनी नाई."

ह्यांनी क्षणभर विचार केला आणि थेट माझी लोणच्याची बरणी उचलली. मी तोंडाचा पट्टा सोडला, उपयोग शून्य. बरणीत मोरचुदाचं निळं पाणी केलं. त्यात कुंभाराकडचं कच्चं भाजलेलं बोळकं, बोळक्यात मिठाचं पाणी आणि जुन्या बॅटरीच्या सेलचं जस्ताचं टरफल. नाकाच्या भोकात जंगलातलं मेण भरून त्यावरही तांबं धरावं म्हणून शिसपेन्सिलीची पूड चोळली, बाकीचा चेहरा मेणाने झाकला. तारेने जस्त मुखवट्याला जोडलं आणि मुखवटा निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदातलं, पाण्यात विरघळलेलं तांबं आपणहून नाकावर येऊन बसेल, असं ह्यांचं म्हणणं. माझा विश्वास नव्हता. सकाळी पाहते तर नाकावर गुलाबी साय धरलेली! विस्तवाशिवाय, हातोड्याशिवाय. बरणी गेल्याचं दुःख मी तिथेच विसरले.

पण पुढे ते तांबं टिकेना. थर चढे आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येई. हे चक्रावले. शेवटी कारण माझ्या नजरेस पडलं. संध्याकाळी हे मुखवटा बाहेर काढून ठेवत आणि पाणी बदलायला जात. तेवढ्यात भेटायला आलेली म्हातारी पदराआडची वाटी काढून नाकाला तेल लावी.

हे चिडले नाहीत. तेलावर तांबं धरत नाही, एवढंच सांगितलं. म्हातारीचा चेहरा पडला. तिच्या लेखी तेलाविना राहायचं ते सुतकात. तिने तेलाची वाटी पदराआड सारली. मग म्हणाली, "मंग तिच्यासंगं मी बी तेल नाई लावत."

ते तिने पाळलं. केसांच्या जटा व्हायची वेळ आली, तरी ती रोज येई आणि हात पाठीमागे बांधून बरणीत डोकावे. अशी माया मी दुसरीकडे पाहिली नाही. तांबं कणाकणाने जाड होत गेलं. शेवटी उन्हात ठेवून मेण मऊ केलं, काडीने कोरून काढलं. पिवळ्या चेहऱ्यावर लालसर नाक काय शोभलं होतं!

पहिल्या जाळ्याच्या दिवशी पंचांनी मुखवट्यात पाणी भरून तो वर धरला. सगळी पाळ नाकाकडे बघत होती. एक थेंब गळला नाही. पंचांनी मान डोलावली आणि मुखवटा म्हातारीच्या हातात परत दिला.

आमच्या ह्यांना राहवलं नाही. ते तिला म्हणाले की इतक्या लोकांचे अंगठे लागले तर हेही नाक एक दिवस झिजेल, यापुढे तेल कपाळाला लावा.

म्हातारी हसली. "झिजू द्या, मास्तरभाऊ. लोकं येतीन, तवाच तं झिजन."

तिने वाटीत अंगठा बुडवला, देवीच्या नाकाला तेल लावलं आणि तोच अंगठा आपल्या कोरड्या केसांवरून फिरवला. मग मुखवटा रांगेतल्या पुढच्या माणसासमोर धरला.