बोगोटात अण्णांनी शोधलेली खाणावळ

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त कोलंबियात असतो, राजधानी बोगोटात. मागच्या दिवाळीनंतर मी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, घेऊन त्याच्याकडं गेले. अण्णा मूळचे देवगाव रंगारीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पुढं एसटीत ड्रायव्हर झाले आणि पैठणच्या गाडीवरच त्यांची नोकरी सरली. आता पडेगावला माझ्याजवळ राहतात.

पहिल्या संध्याकाळी भावानं आम्हाला एका झकपक हॉटेलात नेलं. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध घासभर मासा आला. अण्णांनी तो निगुतीनं खाल्ला. बाहेर आल्यावर म्हणाले, "तू रोज इथं जेवतोस व्हय?"

"नाय अण्णा. रोज घरीच. पाकीट फोडायचं, गरम करायचं."

"कोणासंग?"

"मोबाइलसंग," मीच मधे बोलले. भाऊ हसला. अण्णा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि अण्णांनी स्वेटरवर मफलर गुंडाळला. "चल बाई, जेवायची जागा हुडकू."

"अण्णा, आपल्याला भाषा येत नाही."

"भूक लागलेली कळती की."

सिटीबस जिथं थांबून वळत होत्या, तिथं ते उभे राहिले. दुपारी ड्रायव्हर उतरून एका गल्लीत शिरू लागले, तसे अण्णाही त्यांच्या मागं निघाले. गल्लीत एक छोटी खाणावळ होती. जागा नव्हती. अण्णांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग फिरवून दाखवलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. एक जाडजूड ड्रायव्हर लगेच सरकला. बाक थोपटून त्यानं आम्हाला बसवून घेतलं.

मालकीणबाईंनी वाफाळतं सूप आणलं. आत बटाटे, मक्याच्या कणसाचा तुकडा आणि मटणासारखं काहीतरी. अण्णांना गाईचं चालत नाही, म्हणून मी घाबरले. अण्णांनी बोट दाखवून विचारलं, "बेंऽ?" अगदी कळपातल्या मेंढीसारखं. सगळी खाणावळ वळून बघू लागली. बाईंनी मान हलवली, दोन्ही कोपर पंखासारखे हलवले आणि "कॉक कॉक" केलं. मग जे हसू फुटलं, ते आवरेचना. कोंबडीच होती ती. वरून हिरव्या मिरचीचं तिखट आलं. अण्णांनी दोन चमचे घातलं, तेव्हा शेजारच्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"लई झ्याक," अण्णा म्हणाले. संध्याकाळी भाऊ घरी आल्यावर त्याला हा किस्सा दोनदा सांगून झाला.

शनिवारी त्यांनी भावाला उठवून न्याहारीला तिथं नेलं. तो आधी संकोचला. पण त्याला त्यांची भाषा येते म्हटल्यावर ड्रायव्हरांनी अण्णांबद्दल विचारून विचारून त्याला भंडावलं. पैठणचा रस्ता कसा, गाडीत माणसं किती बसतात, मेंढरं आडवी आली तर काय करता. भाऊ इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगत राहिला. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. अण्णा पाव सुपात बुडवून खात होते आणि त्याच्याकडंच बघत होते.

आम्ही परत आलो. भाऊ अजून दर शनिवारी तिथं जातो. त्याची न्याहारी म्हणजे आमची दिवेलागण. फोन लावला की मागून भांड्यांचा आणि हसण्याचा गलका येतो. अण्णा फार बोलत नाहीत. "जेव निवांत," म्हणतात आणि फोन माझ्या हातात देतात.