बाबांचा डावा अंगठा

अंबरनाथला चाळीतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. आई उल्हासनगरच्या व्यापाऱ्याच्या टिकल्या कार्डांवर चिकटवायची; जेवताना भातातही चमकी सापडायची. बाबा आनंदनगरच्या एका छोट्या कारखान्यात, ठेकेदाराकडे, पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या बोलण्यात प्रेसची लय असायची, मधेच थांबायचे, मग पुढचा शब्द.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या प्रेसने त्यांचा डावा अंगठा घेतला.

नंतरच्या दुपारी अजून डोळ्यांपुढे तरंगतात. बाबा डोळे मिटून पडलेले. उजवा हात हळूच यायचा आणि जिथे अंगठा नव्हता तिथली हवा खाजवायचा. "आहे गं तो," म्हणायचे. मलाही वाटायचं, असेल इथेच, टिकल्यांच्या कार्डांमागे वगैरे.

ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमचा नव्हताच. गोष्ट अशी होती, की बाबा गावी निघून गेलेल्या एकाच्या जागी लागले होते आणि रजिस्टरात नाव त्याचंच चालू राहिलं होतं. ठेकेदारांकडे असं सर्रास चालायचं. चार वर्षं बाबांनी गेटवर दुसऱ्याच्या नावाला ओ दिली.

ठाण्याला दावा लावला. ठेकेदाराने ऐटीत पगाराचं रजिस्टर कोर्टात ठेवलं, बघा, नाव कुठाय! बाहेर आल्यावर आमच्या वकिलांनी बाबांना विचारलं,

"पगार घेताना सही कोण करायचं?"

"सही कुठली साहेब, अंगठा. माझाच."

"डावा?"

"डावाच. आता मागाल तर मशीनला विचारा!"

वकील हसले, मग एकदम वळून म्हणाले, "अजून कुठल्या जुन्या कागदावर लावला होता का?"

मला माहीत होतं. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी बाबा खिडकीत अंगठा लावत होते, तेव्हा मागच्या मुलींना ते दिसू नये म्हणून मी आड उभी होते. शाई पुसायला त्यांनी माझी ओढणी मागितली. मी दिली नव्हती.

"माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर आहे," मी म्हटलं.

"आहे की!" बाबा खूश झाले. "मग शर्टालाच पुसला होता मी. तुझ्या आईने किती बोलणी ऐकवली!"

उल्हासनगरच्या कॉलेजातले सिंधी क्लार्क चष्म्यावरून बघत राहिले. "बेटी, मार्कशीट ढूँढने सब आते हैं, पिताजी का अंगूठा ढूँढने तू पहली आयी. बैठ, चाय पी."

गठ्ठे सुटत गेले, धूळ उन्हात चढत गेली. मग तो दिसला. जांभळा, ठसठशीत, लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर दिसतात तशा वर्तुळांचा. त्या रेषांमधून मी किती वेळ फिरत राहिले कोण जाणे. चहावर साय धरली होती.

कोर्टाने पत्र पाठवून तो फॉर्म मागवला. ठशांच्या जाणकाराने रजिस्टरात त्या दुसऱ्याच्या नावापुढचे अंगठे त्याच्याशी ताडून पाहिले. सगळे एकाच माणसाचे निघाले.

बाबा त्या कारखान्यात कामगार होते, असं कोर्टाने लिहून दिलं आणि ठेकेदाराला नुकसानभरपाई भरावी लागली. तोवर मी पदवीधर झाले होते. निकाल मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात त्यांचं स्वतःचं नाव आहे.